चंद्रावरचे डोंगर

चंद्र सर्वांचा एकच. पण त्याच्याकडे पाहणाऱ्या प्रत्येकाने आपल्या ओळखीची वस्तू त्याच्यावर नेऊन ठेवली आहे. आपल्या पूर्वजांना त्याच्या डागांत ससा दिसला, म्हणून त्यांनी त्याला शशांक म्हटले. कोणाला हरिण दिसले, त्यांनी मृगांक म्हटले. युरोपातील खेडुतांना तेथे पाठीवर काट्याकुट्यांची मोळी घेतलेला म्हातारा दिसे. आपल्या घरांतील बाळांनी तर त्याला मामाच करून टाकले. मी आयुष्यभर मराठी शिकवली. शब्दाच्या मागे उभा असलेला माणूस शोधावा, हा माझा छंद. त्या छंदातूनच मला एक प्रश्न पडला. दुर्बिणी आल्या, विज्ञान आले, तरी माणसाची ही जुनी सवय सुटली काय? मनुष्य चंद्रावर उतरण्यापूर्वी चित्रकारांनी आणि चित्रपटकारांनी जो चंद्र रंगवला, तो त्यांनी आणला तरी कोठून?

उत्तर शोधताना सावित्रीच्या खोऱ्यातील डोंगर माझ्या कामी आले. पोलादपूरच्या पूर्वेस महाबळेश्वर आणि प्रतापगड यांची उंच रांग उभी आहे. त्यामुळे येथे सूर्य काय आणि चंद्र काय, दोघेही उशिरानेच दर्शन देतात. सकाळी खोऱ्यात अजून सावली असते, घरांतून धूर नुकता निघू लागलेला असतो, आणि पश्चिमेकडील डोंगरांचे माथे मात्र सोन्यासारखे उजळलेले असतात. महाड-पोलादपूरच्या मुलांना हे दृश्य नवे नाही. १६०९ साली इटलीत गॅलिलिओ याने आपली दुर्बीण चंद्राकडे वळवली, तेव्हा त्याला असेच काहीसे दिसले. चंद्राच्या अंधाऱ्या भागात, उजेडाच्या सीमेपासून थोड्या अंतरावर, प्रकाशाचे सुटे ठिपके चमकत होते. हळूहळू ते मोठे होत आणि उजेडात मिसळून जात. गॅलिलिओने ओळखले, की हे डोंगरांचे माथे होत. पायथ्याशी अजून रात्र आहे, पण शिखरावर पहाट झाली आहे. ठिपका उजेडाच्या सीमेपासून किती दूर आहे हे मोजून त्याने त्या डोंगरांच्या उंचीचाही अंदाज बांधला. १६१० साली त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले, आणि चंद्र हा गुळगुळीत गोळा नसून त्यावर डोंगरदऱ्या आहेत, हे जगाला कळले.

डोंगर आहेत, एवढे कळले. पण त्यांच्या पायथ्याशी उभे राहिल्यावर ते कसे दिसत असतील, हे कोणी सांगावे? येथे कल्पनेला मोकळे रान मिळाले. फ्रान्समधील कादंबरीकार झूल व्हर्न यांनी १८६५ साली तोफेच्या गोळ्यात बसून चंद्राकडे निघालेल्या तीन माणसांची कथा लिहिली. विसाव्या शतकाच्या आरंभी 'केरळकोकिळ' मासिकातून ती मराठी वाचकांपर्यंतही पोचली. इंग्लंडमध्ये एच. जी. वेल्स यांनी १९०१ साली चंद्राच्या पोटात राहणाऱ्या कीटकांसारख्या प्राण्यांची कादंबरी प्रसिद्ध केली. आणि १९०२ साली फ्रान्समधील जॉर्ज मेलिएस यांनी चंद्रप्रवासाचा चित्रपट काढला. तो मूकपट होता, आणि जेमतेम पाव तास चालत असे.

या चित्रपटातील चंद्राला चक्क माणसाचा चेहरा आहे, आणि तोफेतून सुटलेला गोळा त्याच्या डोळ्यात जाऊन रुततो! प्रवासी विद्वान गृहस्थ आहेत. ते हातात छत्र्या घेऊन चंद्रावर उतरतात. रात्री त्यांच्या अंगावर हिमवर्षाव होतो. चंद्राच्या गुहेत माणसाहून उंच भूछत्रे उगवलेली असतात. एका प्रवाशाने छत्री जमिनीत रोवली, तर तिचेही भूछत्र बनते. चंद्रवासी अंगावर धावून आले, की छत्रीचा एक तडाखा बसताच त्यांचा धूर होतो. अखेरीस गोळा चंद्राच्या कड्यावरून खाली ढकलला जातो, तो थेट पृथ्वीवरच्या समुद्रात येऊन पडतो.

मेलिएस हे मूळचे जादूगार. रंगमंचावर वस्तू अदृश्य करण्याची कला त्यांनी पडद्यावर आणली. आपले दादासाहेब फाळके हेही जादूचे प्रयोग करीत. आडनावाची अक्षरे उलटी फिरवून त्यांनी 'प्रोफेसर केळफा' असे नाव घेतले होते. १९१७ सालच्या त्यांच्या 'लंकादहन' चित्रपटात हनुमंत आकाशातून उडताना पाहून प्रेक्षक थक्क झाले. पडद्यावरचा पहिला चंद्र आणि पडद्यावरचे आपले पहिले उड्डाण, दोन्ही अशी जादूगारांच्या हातून झाली. मेलिएस यांचा चंद्र खरा आहे, असे कोणी म्हणत नव्हते. ते स्वतःही म्हणत नव्हते. पडदे, रंग आणि लाकडी फळ्या यांनी उभारलेली ती एक रंगभूमी होती.

पुढे मात्र चित्रपटकार शास्त्रज्ञांचा सल्ला घेऊ लागले. १९२९ साली जर्मनीत फ्रिट्झ लांग यांनी चंद्रावर जाणाऱ्या स्त्रीपुरुषांचा चित्रपट काढला. त्यासाठी अग्निबाणांचे अभ्यासक हेर्मान ओबर्थ यांचे साहाय्य त्यांनी घेतले होते. अग्निबाण टप्प्याटप्प्याने जळतो, आणि उड्डाणापूर्वी आकडे उलटे मोजले जातात, हे त्यात दाखवले आहे. परंतु तेच प्रवासी चंद्राच्या पलीकडच्या बाजूस उतरून मोकळ्या हवेत श्वास घेतात आणि गुहेत सोने शोधतात! चंद्राची ती बाजू पृथ्वीवरून कधीच दिसत नाही; तिचे पहिले छायाचित्र सोव्हिएत यानाने १९५९ साली घेतले. तोवर तेथे हवाही ठेवता येत होती आणि सोनेही. मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीनेही १९६७ साली पहिलवान दारासिंग यांना चंद्रावर पाठवले. आमच्या महाडकडच्या जत्रांतही कुस्त्यांचे फड रंगतात. तेव्हा चंद्रावर मारामारीचे प्रसंग आले, याचे मला नवल वाटत नाही.

आता खऱ्या विचारवंत चित्रकारांकडे वळू. कारण त्यांची गोष्ट अधिक बोधक आहे. वाफेवर चालणाऱ्या घणामुळे प्रसिद्ध झालेले ब्रिटनमधील यंत्रज्ञ जेम्स नॅस्मिथ यांनी अनेक वर्षे दुर्बिणीतून चंद्र पाहिला. जे दिसले त्यावरून त्यांनी प्लॅस्टरच्या प्रतिकृती घडवल्या, त्या उन्हात ठेवल्या, आणि त्यांची छायाचित्रे जेम्स कार्पेंटर या ज्योतिर्विदासह लिहिलेल्या आपल्या १८७४ सालच्या ग्रंथात छापली. आकसल्याने पृष्ठभागावर सुरकुत्या कशा पडतात हे समजावण्यासाठी त्याच ग्रंथात त्यांनी वृद्धाच्या हाताचे आणि सुकलेल्या सफरचंदाचे छायाचित्रही दिले. त्यांच्या प्रतिकृतींतील डोंगर उंच, टोकदार आणि ताठ होते.

असेच डोंगर अमेरिकेतील चेस्ली बोनस्टेल यांनी रंगवले. हे गृहस्थ शिक्षणाने वास्तुरचनाकार. १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या अंतराळप्रवासावरील एका ग्रंथात त्यांची चित्रे होती, आणि १९५० सालच्या चंद्रप्रवासाच्या एका गाजलेल्या अमेरिकन चित्रपटासाठी चंद्रभूमीचा देखावा त्यांनीच रंगवला. त्यांची चित्रे पाहताना आपण छायाचित्रच पाहत आहो असे वाटे. भर दिवसाही काळेभोर राहणारे आकाश, डोळे दिपवणारे ऊन आणि धारदार सावल्या, हे सारे त्यांनी अचूक दाखवले. त्या चित्रपटात चंद्राच्या जमिनीला मोठमोठ्या भेगा दाखवल्या आहेत. त्या बोनस्टेल यांना पसंत नव्हत्या. भाताची कापणी झाल्यावर उन्हाळ्यात आपली खाचरे कशी तडकतात, हे तुम्ही पाहिलेच आहे. चिखल वाळला, तरच अशा भेगा पडतात. आणि चिखल होण्यास पाणी हवे. चंद्रावर ते कोठून येणार?

मग टोकदार डोंगरांचे काय? त्यांच्यामागेही एक विचार होता, आणि तो वरवर पाहता बिनतोड होता. पृथ्वीवर वारा आणि पाऊस डोंगरांना झिजवतात. चंद्रावर वारा नाही, पाऊस नाही. म्हणजे तेथील डोंगर झिजले नसणार. जन्मले तसेच, तलवारीच्या पात्यासारखे धारदार राहिले असणार. बहुतेक चित्रकारांनी आणि चित्रपटकारांनी हे मान्य केले होते.

एका माणसाने मात्र ते मानले नाही. फ्रान्समधील लुसियँ रुदो हे चित्रकार होते आणि ज्योतिर्विदही होते. त्यांनी युक्ती केली ती अगदी साधी. चंद्रबिंबाच्या मध्यावर डोंगर आपल्याला वरून दिसतात. त्यांचा आकार सावलीवरूनच ओळखावा लागतो. पण बिंबाच्या अगदी काठावरचे डोंगर काळ्या आकाशावर आडवे रेखलेले दिसतात, जसा संध्याकाळी आपल्याला रायगडाचा आकार आकाशावर दिसतो. रुदो यांनी तो काठ लक्षपूर्वक पाहिला. तेथे भाल्याची टोके नव्हती. गोलसर, पसरट, शांत उंचवटे होते. त्यांनी आपल्या चित्रांत तसेच डोंगर काढले, आणि १९३७ सालच्या आपल्या ग्रंथात ते छापले. पण प्रेक्षकांना सुळक्यांचा चंद्र अधिक भव्य वाटे, आणि चित्रपटांतूनही तोच झळकत राहिला.

निवाडा पुढे खुद्द चंद्रानेच दिला. ३ फेब्रुवारी १९६६ रोजी सोव्हिएत संघाचे ल्यूना ९ हे यान चंद्रावर अलगद उतरले आणि तेथून पहिली छायाचित्रे आली. २१ जुलै १९६९ रोजी, आपल्याकडे सकाळचे साडेआठ वाजत आले असता, नील आर्मस्ट्राँग यांनी चंद्रावर पाऊल ठेवले. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. आताचा रायगड जिल्हा त्या वेळी कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जाई. आमची वाडी पोलादपूरजवळ, आणि दिवस भर पावसाळ्याचे. मनुष्य चंद्रावर चालत होता, आणि आम्हांला ढगांमुळे चंद्र दिसत नव्हता! काही दिवसांनी वर्तमानपत्रातून बुटाच्या ठशाचे छायाचित्र आले. गुरुजींनी ते शाळेत सर्वांना दाखवले आणि घरच्यांना दाखवण्यासाठी माझ्या हाती दिले. माझ्या आजीने ते बराच वेळ न्याहाळले आणि ती म्हणाली, "अरे, ही तर चुलीतली राख!" तिला अक्षरओळख नव्हती, पण चूल सारवताना राखेत उमटलेला बोटांचा ठसा तिने रोज पाहिला होता. चंद्रावरच्या मातीचे याहून नेमके वर्णन मी पुढे फारसे वाचले नाही.

१९७१ साली तर अपोलो १५ चे प्रवासी चंद्रावरच्या थेट डोंगराच्या पायथ्याशीच उतरले. तेथील हॅडली पर्वत मैदानापासून सुमारे साडेचार किलोमीटर उंच आहे. म्हणजे समुद्रसपाटीपासून मोजलेल्या रायगडाच्या पाचपट. छायाचित्रांत मात्र तो मऊ, गोलसर, दाण्यांच्या राशीसारखा दिसतो. रुदो यांचेच म्हणणे खरे ठरले.

बिनतोड वाटणारा तो विचार फसला कोठे? त्याची दोन कारणे आहेत. पहिले कारण सावलीचे. मुख्याध्यापक असताना मी आठवीच्या वर्गात एक परात घेऊन गेलो. तीत चाळलेली राख पसरली आणि मुलांना उंचावरून खडे टाकावयास सांगितले. राखेत लहान लहान विवरे उमटली. विजेरी वरून धरली, तर ती जवळजवळ दिसेनाशी झाली. तीच विजेरी परातीच्या काठाशी आडवी धरली मात्र, आणि विवरांचे काठ कड्यांसारखे उभे राहिले! एका मुलाने काडीने मोजले. काठ अर्धे बोट उंच होता, आणि त्याची सावली चार बोटे लांब होती. दुर्बिणीतून चंद्र पाहणारे उजेडाच्या सीमेजवळच डोंगर शोधत, कारण तेथेच ते ठळक दिसतात. आणि तेथेच सावल्या सर्वांत लांब असतात. लांब सावलीने त्यांना उंच कडे दाखवले.

दुसरे कारण तर आपल्या दाराशीच आहे. पाऊस डोंगराला केवळ झिजवतो, असे नाही. तो डोंगराला कोरतोही. सह्याद्रीचे हे ताठ कडे, या अरुंद धारा, या खोल घळी मुख्यतः कोणी केल्या? पाण्यानेच. कोट्यवधी वर्षांपूर्वी थरांवर थर साचून कठीण झालेल्या लाव्हारसाचा हा कातळ. त्यास वर्षानुवर्षे पावसाने कापून काढले, तेव्हा हे सुळके उभे राहिले. पाण्याचे हे काम अजून थांबलेले नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ज्या घरांतील माणसे गेली, त्यांना पाणी डोंगराचे काय करते हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. जेथे पाऊस नाही, तेथे असे कडे कोरणारा हातही नाही, हे चित्रकारांच्या ध्यानी आले नव्हते. चंद्रावरचे डोंगर मोठमोठ्या अशनींच्या आघातांनी वर फेकले गेले आणि उचलले गेले. त्यांच्यावर तीनशे कोटींहून अधिक वर्षे लहानमोठ्या उल्का आदळत आहेत. आपल्याकडे बहुतेक उल्का हवेतच जळून जातात. चंद्रावर हवा नसल्यामुळे वाळूच्या कणाएवढी उल्काही थेट जमिनीवर आदळते. या न थांबणाऱ्या माऱ्याने कातळाचा भुगा झाला, धारा बोथटल्या, आणि डोंगर गोल झाले. वारा आणि पाऊस नसले, तरी झीज होती. फक्त तिचा कर्ता वेगळा होता.

आमच्या शाळेच्या कपाटात चंद्राचा एक जुना तक्ता होता. त्यावर निळसर काळ्या आकाशात करवतीच्या दात्यांसारखे सुळके रंगवलेले होते. राखेच्या प्रयोगानंतर वर्गात वाद पडला. काहींचे म्हणणे, चित्र खोटे आहे, तर ते फाडून टाकावे. लहान वर्गांतील मुलांनी चुकीचे का शिकावे? हे म्हणणे मला सहज बाजूला सारता येईना. शाळेच्या भिंतीवर असत्य टांगू नये, हे मलाही मान्य आहे. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, हे डोंगर आमच्या घाटातल्यासारखे आहेत. चित्र काढणाऱ्याने चंद्र पाहिला नव्हता. पण डोंगर पाहिले होते."

तिच्या या बोलण्यावरून मी मुलांना अमेरिकेतील बॉस्टन शहरातील एका चित्राची हकिगत सांगितली. तेथील विज्ञान संग्रहालयात १९५७ साली बोनस्टेल यांचे चाळीस फूट लांब आणि दहा फूट उंच असे चंद्रभूमीचे चित्र लावले होते. माणसे चंद्रावर जाऊन आल्यावर ते चुकीचे ठरले, म्हणून १९७० साली ते भिंतीवरून उतरवण्यात आले. पण ते फाडले नाही. पुढे ते वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय विमान व अंतराळ संग्रहालयाच्या स्वाधीन करण्यात आले. चंद्र असा आहे, हे सांगण्यासाठी ते चित्र आता उपयोगाचे नव्हते. चंद्राविषयी माणसे काय समजत होती, हे सांगण्यासाठी मात्र त्याच्याइतका उत्तम साक्षीदार नव्हता. वर्गाने बराच खल केला आणि निर्णय दिला. तक्ता भिंतीवरच राहिला. त्याच्या शेजारी हॅडली पर्वताचे छायाचित्र आले. एकाखाली मुलांनी लिहिले, 'चंद्र असा असेल असे वाटले होते', आणि दुसऱ्याखाली, 'चंद्र असा आहे'.

मुलांनो, कल्पनेला कमी लेखू नका. मेलिएस यांच्या छत्र्या आणि बोनस्टेल यांचे सुळके पाहूनच किती तरी तरुणांच्या मनात चंद्रावर जाण्याची ओढ उत्पन्न झाली. पण कल्पना पुष्कळदा आपल्याच गावचे डोंगर सोबत घेऊन निघते, हेही विसरू नका. तिला वाटेत थांबवून, 'हे तू पाहिलेस, की तुला वाटले?' असे विचारणारा एक रुदो आपल्याजवळ असावा.

आणि गंमत अशी, की चंद्र आपल्याला वाटतो तितका परकाही नाही. त्यावरचे काळसर डाग, ज्यांत पूर्वजांनी ससा पाहिला, ती थिजलेल्या लाव्हारसाची मैदाने आहेत. तेथून आणलेल्या दगडांत बेसॉल्ट आढळला. रायगड आणि प्रतापगड ज्या कातळावर उभे आहेत, तोही बेसॉल्टच. आपल्याच राज्यातील बुलढाणा जिल्ह्यात लोणार येथे बेसॉल्टवर अशनी आदळून सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचे विवर झाले आहे. पृथ्वीवर अशी विवरे फार थोडी असल्यामुळे चंद्राचे अभ्यासक ते पाहण्यास येतात. २३ ऑगस्ट २०२३ रोजी भारताचे चंद्रयान ३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात उतरले. त्याने पाठवलेल्या छायाचित्रांत दिसते ती मऊ धूळ, थोडेसे दगड आणि उथळ खळगे. सुळका एकही नाही.

पावसाळा सरला, की एखाद्या शुद्ध अष्टमीला अर्धा चंद्र आकाशात असताना मिळेल ती दुर्बीण घेऊन बाहेर या. उजेड आणि अंधार जेथे भेटतात, तेथे पाहा. अंधारात सुटा चमकणारा एखादा ठिपका दिसेल. तोच डोंगराचा माथा, गॅलिलिओने पाहिला होता तसा. प्रथम वहीच्या एका पानावर जे दिसले तेवढेच काढा. मग दुसऱ्या पानावर, त्या डोंगराच्या पायथ्याशी उभे राहिल्यास काय दिसेल असे तुम्हांला वाटते, ते काढा. दोन्ही पानांवर तारीख घाला, आणि दोन्ही पाने जपून ठेवा.